मापाचं डोकं

विद्यापीठाच्या प्रतिमा संशोधन केंद्रात एक सोमवार सोडून एक सोमवार सकाळचा पहिला स्कॅन मास्तरांचा असे. ते रुग्ण नव्हते आणि कुठल्या प्रयोगातही नव्हते. एमआरआयचं यंत्र बरोबर मोजतंय की नाही, हे त्यांच्या डोक्यावरून ठरत असे.

केंद्र तळघरात होतं. इतकी जड यंत्रं वरच्या मजल्यावर ठेवता येत नाहीत. जिना उतरलं की एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना बिनखिडक्यांच्या खोल्या आणि शेवटी आतून तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली एमआरआयची खोली. धातूची कुठलीही वस्तू आत नेऊ नये, अशी तिच्या दारावर लाल अक्षरांत सूचना होती. दाराबाहेर स्टुलावर प्लॅस्टिकचा ट्रे असे. मास्तर त्यात घड्याळ, पट्टा, किल्ल्या आणि चष्मा काढून ठेवत.

"खिशात काही राहिलं का, मास्तर?" यंत्र चालवणारा तंत्रज्ञ विचारी.

"खिशात काही राहिलं असतं तर मास्तरकी केली असती का?"

हा विनोद दर खेपेला होई आणि तंत्रज्ञ दर खेपेला हसे. त्याला सगळे चुंबकराव म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा उडून यंत्राला चिकटला होता, तेव्हापासून.

"श्वास घेऊ की तोही धरून ठेवू?" सरकत्या फळीवर आडवे होत मास्तर विचारत.

"श्वास घ्या. विचार तेवढा करू नका."

"तो मी हेडमास्तरांच्या हाताखालीच सोडला."

मास्तरांनी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली होती. फळीवर आडवे झाले की त्यांच्या टाचा आपोआप जुळत. चुंबकराव त्यांच्या डोक्याभोवती पांढरा पिंजरा बसवी. त्याला केंद्रात कॉइल म्हणत. डोक्यातून येणारे बारीक संकेत पकडायचं काम तिचं. मग फळी आत सरके आणि ठोकाठोक सुरू होई. बाकीची माणसं पाच मिनिटांत चुळबुळ करू लागतात. मास्तर करत नसत.

यंत्राची तपासणी पाण्यानं भरलेल्या एका गोळ्यावरही होत असे. पण गोळ्यावरून फक्त लांबी-रुंदी कळते. मेंदूचा करडा थर कुठं संपतो आणि पांढरा भाग कुठं सुरू होतो, हे यंत्राला नीट वेगळं करता येतंय का, ते बघायला खरं डोकं लागतं, आणि प्रत्येक वेळी तेच डोकं लागतं. डोकं तेच आणि करड्या थराचा आकडा बदलला, म्हणजे दोष यंत्राचा. केंद्रात सुरुवातीला अशी तीन डोकी होती. एकीनं दातांना तारा बसवून घेतल्या, एकाची बदली झाली. मास्तर राहिले.

त्यांना आणलं होतं त्यांच्या सुनेनं. यंत्रांची मोजमापं तिच्याकडे होती. भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट, केंद्रात पहिल्या दिवसापासून. हाताखालची मंडळी तिला मॅडम म्हणत आणि सोमवारी तळघरात असेपर्यंत मास्तरही तिला मॅडमच म्हणत. "मॅडम, डोकं जागेवर आहे का?" स्कॅन संपल्यावर ते काचेपलीकडून विचारत. ती अंगठा दाखवी. घरी आल्यावर ती पुन्हा सूनबाई होई.

मास्तरांना या कामाचा अभिमान होता. "विद्यापीठ माझ्या डोक्यावर चालतं," असं ते बिल्डिंगच्या जिन्यात भेटेल त्याला सांगत.

"तरीच निकाल असे लागतात," असं वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर एकदा म्हणाले. मास्तरांनी तोही विनोद आपल्या खात्यात जमा केला आणि आठवडाभर सगळ्यांना सांगितला.

घरात तिघंच असत. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, सुट्टीला येई. त्यामुळे सासूबाईंना काही बोलायचं झालं तर सून होती. त्यांनी विषय पहिल्यांदा काढला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या.

"अगं, हे परवा दूध आणायला म्हणून गेले आणि औषधाच्या दुकानात जाऊन उभे राहिले. काय घ्यायचं तेच आठवेना. शेवटी त्या दुकानदारानं घरी फोन केला."

"होतं असं, आई. मी नाही का किल्ल्या विसरत?"

"किल्ल्या विसरणं वेगळं. त्यानं पत्ता विचारला, तर ह्यांनी जुन्या घरचा सांगितला. आपण ते घर सोडलं तेव्हा तुझं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

सुनेनं हात पुसले, मोबाइल आणला आणि त्यावर एक आलेख उघडून सासूबाईंपुढे धरला. मापाचा आकडा वर-खाली होतोय का, हे दाखवणारा तो आलेख ती दर महिन्याला केंद्राच्या बैठकीत मांडत असे.

"हे बाबांचं डोकं. कॉइल बदलल्यापासून आतापर्यंतचं. कुठं उतार दिसतोय?"

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"मग? अख्ख्या शहरात इतक्या बारकाईनं कुणाचं डोकं तपासत नाहीत. तुमच्या मनानं काहीतरी घेतलंय."

तिनं हे प्रेमानंच सांगितलं होतं. पण मास्तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि त्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून त्यांच्या हातात आयतं कोलीत आलं. गॅस चालू राहिला, नळ वाहत राहिला, एकच गोष्ट तासाभरात दोनदा विचारली, काहीही झालं तरी उत्तर ठरलेलं. "माझं डोकं मशीननं पास केलंय. तुझं तपासून घे." पाहुण्यांसमोरही ते हे म्हणत आणि पाहुणे हसत. सुनेलाही हसू येई.

सासूबाई बोलायच्या थांबल्या. मधे बरेच महिने गेले. एकदा सून केंद्रात जायला निघाली असताना त्या दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझंच बघतेस का गं एकदा तुझ्या यंत्रात?"

"तुमचं? का?"

"मीच घोळ घालतेय बहुतेक. हे म्हणतात, तू मला सांगितलंच नव्हतंस. मला वाटतं सांगितलं होतं. पण यांचं डोकं तर बरोबर आहे. मग माझंच काहीतरी असणार."

सुनेला उशीर झाला होता. "आई, तुम्हीपण ना!" ती हसून म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.

त्या वर्षी केंद्रातला सगळ्यात मोठा अभ्यास चालण्याचा होता. साठी ओलांडलेल्या माणसांना रोज सकाळी विद्यापीठाच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या आणि त्यांच्या मेंदूचा करडा थर दर वर्षी किती घटतो ते मोजायचं. वयानुसार तो थोडा घटतोच. न चालणाऱ्यांचा एक गट तुलनेसाठी ठेवला होता, पण त्यातली बरीच माणसं मधेच गळाली. म्हणून संचालकांनी इतर केंद्रांच्या आकड्यांशी तुलना केली. निष्कर्ष सुखद होता. इथल्या चालणाऱ्या म्हाताऱ्यांचा मेंदू जवळजवळ घटतच नव्हता. लेख एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला होता. वर्तमानपत्रांना बोलावून निकाल जाहीर करायची तारीखही ठरली होती.

त्याच सुमारास दुसऱ्या एका विद्यापीठाचं मापाचं डोकं पाहुणं म्हणून आलं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या सहायक बाई होत्या. गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. दोन्ही केंद्रांना मिळून नवा अभ्यास करायचा होता, त्याआधी दोन्ही यंत्रं एकाच डोक्याला एकच आकडा देतात का ते बघणं भाग होतं. बाई याआधी चार ठिकाणच्या यंत्रांत जाऊन आल्या होत्या. सगळीकडे त्यांचा आकडा उन्नीस-बीस तोच आला होता.

इथं तो बराच जास्त आला.

"आमच्याकडचं पाणी मानवलं तुम्हाला," चुंबकराव म्हणाला. "एका दिवसात डोकं वाढलं."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या. "आमच्या घरी कुणी मानत नाही."

सगळे हसले. संचालकांनी दुपारी चहाच्या वेळी हा किस्सा आणखी दोघांना सांगितला. सुनेनं बाईंना पुन्हा फळीवर झोपवलं. पुन्हा तोच आकडा आला. मग तिनं गुणक काढून टाकला आणि कच्चा आकडा बघितला. तो चारही ठिकाणच्या आकड्यांशी बरोबर जुळत होता.

हा गुणक तिनंच बसवला होता. जुनी कॉइल बदलल्यावर मास्तरांचा आकडा थोडा खाली आला, तेव्हा नव्या कॉइलवर मोजलेल्या प्रत्येकाच्या आकड्याला ठरावीक संख्येनं गुणायचं, म्हणजे मास्तरांचा आकडा पूर्वीच्या जागी येतो, असं तिनं ठरवून दिलं. हे शास्त्राला धरूनच होतं. काही महिन्यांनी आकडा पुन्हा घसरला. तेव्हा नुकतंच सॉफ्टवेअर बदललं होतं. तिनं गुणक वाढवला. पुढच्या घसरणीच्या वेळी यंत्राची मोठी दुरुस्ती झाली होती. पुन्हा वाढवला. वयापोटी जितकी घट व्हावी तितकी तिनं हिशेबात धरली होती. त्यापलीकडची घट यंत्राच्या नावावर टाकायला दर वेळी काही ना काही कारण हाताशी होतं.

पण पाहुण्या बाईंच्या डोक्यानं सांगितलं की यंत्र बरोबर होतं. नवी कॉइल बरोबर होती. सॉफ्टवेअरही बरोबर होतं.

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मास्तरांच्या स्कॅनमधून सॉफ्टवेअर जो आकडा काढून देई, तोच आजवर तिनं बघितला होता. चित्रं कुणी बघत नसे. चुंबकराव बघायचा, पण ती हललेल्या डोक्यामुळे पुसट झालीत का एवढंच, आणि ती कधीच पुसट नसत. आता तिनं सगळ्यात जुनं चित्र आणि परवाच्या सोमवारचं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी लावलं. ती काही वैद्यकीय डॉक्टर नव्हती. पण दोन चित्रांतला फरक सांगायला डॉक्टर लागत नव्हता. कानांच्या आतल्या बाजूला, जिथं आठवण साठवायचं काम चालतं, तिथं जुन्या चित्रात करडा भाग होता. नव्या चित्रात त्यातल्या बऱ्याच जागी काळं पाणी होतं.

सासूबाईंना दाखवलेली रेघ सरळ होती, कारण दर खेपेला तिनंच ती सरळ केली होती.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे चालण्याचा निकाल?" त्यांनी विचारलं.

"गुणक काढला तर आपले लोक जगातल्या इतर लोकांसारखेच आहेत. सगळ्यांच्या आकड्यांना आपण बाबांची घट भरून देत होतो."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला. आता तुम्हाला."

ते म्हणाले, "लेख मागे घ्यावा लागेल. घेऊ. पत्रकारांना काहीतरी कारण सांगून पुढं ढकलतो. पण हे सगळं पद्धतशीर व्हायला हवं. समिती बसेल, बाहेरचा कुणीतरी आकडे तपासेल. तोवर घरी काही बोलू नका."

"घरी का नको?"

"कारण मास्तर आपले रुग्ण नाहीत. सहभागीही नाहीत. सहभागी असते तर स्कॅनमधे काही दिसलं की डॉक्टरला दाखवायचं, असा नियम आहे. पण ते येतात यंत्राच्या देखभालीत, तुमच्या त्या पाण्याच्या गोळ्याबरोबर. गोळ्याला काय झालं तर कुणाला कळवायचं, असा नियम नसतो. उद्या तुमचा अंदाज चुकला, तर एका भल्या माणसाला फुकटचा घोर लावल्यासारखं होईल. आणि केंद्रावर येईल ते वेगळंच."

"आणि बरोबर ठरला तर?"

"तर महिन्यानं काय बिघडणार आहे?" असं ते म्हणाले आणि लगेच त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी उगाच पाण्याचा ग्लास उचलला.

त्यांच्या दारातून बाहेर पडताना तिला हायसं वाटलं. बोलू नका असं वरून सांगितलं गेलं होतं, आणि ते तिला हवंच होतं. या हायसं वाटण्याची लाज तिला नंतर सगळ्यात जास्त वाटली. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली, मास्तरांनी एकच बातमी दोनदा वाचून दाखवली ती तिनं दोन्ही वेळा ऐकली, आणि सासूबाई ताटं उचलताना तिच्याकडे बघत नव्हत्या हेही तिच्या लक्षात आलं. त्या कित्येक महिने असल्या वेळी तिच्याकडे बघत नव्हत्या. आठवडा तसाच गेला.

मग सोमवार आला. तिनं मास्तरांना येऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं. काय कारण सांगणार? ते नेहमीसारखे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. ट्रेमधे घड्याळ ठेवलं, पट्टा ठेवला. मग पुन्हा घड्याळ शोधू लागले.

"ट्रेमधे आहे, मास्तर," चुंबकराव म्हणाला.

"ठाऊक आहे. तुझी परीक्षा घेत होतो."

ते आत गेले आणि टाचा जुळवून पडले. या स्कॅनचा आता कुणालाच उपयोग नव्हता. काचेअलीकडे बसून ती त्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांतल्या मोज्यांकडे बघत राहिली. एक काळा होता, एक निळा. आधीही असेच असतील. तिनं कधी बघितले नव्हते.

"आकडा आला, मॅडम," चुंबकराव म्हणाला. "पुन्हा खाली आलाय. गुणक वाढवू का थोडा?"

"नको."

"मग रेघ वाकडी होईल की."

"होऊ दे."

काचेपलीकडे मास्तर फळीवर उठून बसले होते. "मॅडम, डोकं जागेवर आहे का?" त्यांनी विचारलं. तिनं अंगठा दाखवला नाही. "बाबा, आपण घरी जाऊ," ती माइकमधे म्हणाली. तळघरात तिनं त्यांना बाबा म्हटलेलं चुंबकरावानं पहिल्यांदाच ऐकलं.

घरी पोहोचल्यावर मास्तर जरा पडतो म्हणून आतल्या खोलीत गेले. सासूबाई बाहेर दिवाणावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कॉइल, गुणक, पाहुण्या बाई, दोन चित्रं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, पण गुणकाशी ती दोनदा अडखळली.

सासूबाईंनी हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली.

"म्हणजे ते दूध आणायला गेले होते ते खरं."

"खरं."

"आणि मी त्यांना सांगत होते, तेही खरंच."

"हो, आई."

"मला वाटायला लागलं होतं, आपण सांगायचं नुसतं मनात म्हणतो आणि तोंडानं बोलतच नाही. बाजारात गेले की मी दुकानदाराला दोनदा विचारायची, मी आत्ता काय मागितलं म्हणून. तो हसायचा."

"माझं चुकलं."

"चुकायचं काय, चुका सगळ्यांच्या होतात," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "तू हसली होतीस."

सासूबाईंनी पुढचा कपडा उचलला. तो तिचाच होता. त्यांनी त्याचीही नीट घडी घातली आणि बाजूला ठेवली.

तेवढ्यात मास्तर बाहेर आले. त्यांना झोप लागली नव्हती. "कुजबुज कसली चाललीय?" ते म्हणाले. "माझ्यावर खटला भरलाय वाटतं."

"बसा, बाबा."

तिनं त्यांना थोडक्यात सांगितलं. आकडा बऱ्याच दिवसांपासून घसरतोय, दोष यंत्राचा असेल असं तिला वाटलं होतं, तो यंत्राचा नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं. ते मान हलवत ऐकत होते. शाळेत तक्रार घेऊन आलेल्या पालकाचं ऐकावं तसं.

"म्हणजे मी नापास."

"तसं नाही, बाबा."

"मी हललो असेन," ते पटकन म्हणाले. "नाक खाजतं कधीकधी. चुंबकरावाला बोललो नाही. त्यामुळे तुझं काम बिघडलं का? तसं असेल तर माझी चूक. तू स्वतःला लावून घेऊ नकोस."

"तुम्ही हलला नाहीत. एकदाही नाही."

"मग ते मशीन."

"मशीन बरोबर आहे, बाबा. आम्ही तपासलं."

"ऐकलंस?" मास्तर बायकोकडे वळून म्हणाले. "मशीन बरोबर आहे." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग बायको काहीच उलट बोलली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते दोघींकडे आळीपाळीनं बघू लागले. उजळपणा हळूहळू गेला. शर्टाच्या कडेनं त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

"जिन्यात काय सांगू लोकांना?" त्यांनी विचारलं.

"काही सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "पाय दुखतात सांगा. म्हणून जात नाही."

"पाय?" मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले. "माझे पाय उत्तम आहेत."

संध्याकाळी तिनं संचालकांना फोन करून सांगितलं की घरी बोलले. ते म्हणाले, ठीक आहे. तिनं चालण्याच्या अभ्यासाच्या लेखावरचं आपलं नाव काढायला सांगितलं नाही. चूक तिची होती, नाव राहायला हवं होतं. तो मागे घेतल्याची सूचना छापून येईल तेव्हा त्यात गुणक कुणी बसवला होता हे स्पष्ट लिहा, एवढं ती म्हणाली.

स्मृतीच्या आजारांच्या डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खोलीत एक टेबल, भिंतीवर वजनाच्या तक्त्यासारखा कसलातरी तक्ता, आणि तिघांना पुरतील अशा खुर्च्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मास्तरांना वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं ते परत विचारले. मास्तरांनी एक सांगितला आणि उरलेल्या दोहोंच्या जागी विनोद केला. डॉक्टर हसले, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"डोक्याचा जुना एखादा स्कॅन आहे का?" त्यांनी विचारलं. "तुलनेला बरा पडतो. बहुतेकांकडे नसतोच."

तिनं पर्समधून छोटी डिस्क काढून दिली. डॉक्टरांनी ती कॉम्प्युटरला जोडली. पहिलं चित्र बघितलं, दुसरं बघितलं, आणि मग त्यांचं बोट माउसवर चालतच राहिलं. ते पडद्याच्या जवळ सरकले. काही वेळ तर समोर माणसं बसली आहेत हेच ते विसरले.

"हे इतके स्कॅन? दर पंधरा दिवसांनी? वर्षानुवर्षं? असं मी कधी बघितलेलं नाही. इथं सुरू झालंय, बघा, इथूनच दिसतंय की..." ते थांबले. खुर्चीतच वळले. "हे बघत कोण होतं?"

मास्तर ताठ बसले.

"माझी सून," ते म्हणाले. "विद्यापीठात मोठ्या जागेवर आहे. एकही सोमवार चुकवला नाही. डोळ्यांत तेल घालून बघते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं.

"मी आकडे बघत होते," ती म्हणाली. "चित्रं बघितली नाहीत. आणि आईंनी मला घरी सांगितलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही. उलट काही झालेलं नाही असं त्यांना दाखवून दिलं."

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि ते सासूबाईंकडे वळले. "तुमच्या कधीपासून लक्षात आलं?"

सासूबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "औषधाच्या दुकानातून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्याही आधीपासून, खरं तर..."

"तसं काही नव्हतं हो, डॉक्टर," मास्तर मधेच म्हणाले. "हिला उगाच वाटतं." ते सुनेकडे वळले, नेहमीच्या भरवशानं. "सूनबाई, सांग ना यांना."

"आईंना बोलू द्या, बाबा," ती म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. कवायतीत रांग मोडून बाहेर पडलेल्या पोराकडे बघावं तसे, चिडून नव्हे, न समजून. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघू लागले. सासूबाई पदर सावरून खुर्चीत पुढं सरकल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.